बूटमधली कॉन्फिग फाइल चालू कर्नलचीच, हे कशावरून?

एआरएम बोर्डावर ‘मॉडप्रोब वायरगार्ड’ला (वायरगार्ड व्हीपीएनचं मॉड्यूल, म्हणजे लिनक्स कर्नलला जोडायचा तुकडा, चढवणारी आज्ञा) ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येतो, /बूट मधल्या कॉन्फिगमध्ये (कर्नल कुठल्या पर्यायांनी बनला त्याच्या यादीत) मात्र ‘कॉन्फिग_वायरगार्ड=एम’, म्हणजे ते मॉड्यूल म्हणून आहे, असं स्वच्छ लिहिलंय आणि /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड सापडत नाही, असं तुम्ही म्हणता. ओळखीचं दुखणं आहे. कर्नल कंपाइल करायला लगेच बसू नका.

/बूट मधली फाइल पॅकेजसोबत येते. चालू कर्नलशी तिचं नातं फक्त नावापुरतं. अशा बोर्डांवर यू-बूट (कर्नल सुरू करणारा बूटलोडर) कित्येकदा कर्नल भलत्याच पार्टिशनमधून उचलतो. एपीटी (पॅकेजेस बसवणारं साधन) रूट पार्टिशनवरच्या /बूटमध्ये नवी इमेज (कर्नलची फाइल), नवी कॉन्फिग आणि नवी मॉड्यूल्स टाकतं, बोर्ड मात्र जुनाच कर्नल चालवत बसतो. विक्रेत्याने दोन्ही बिल्डना एकच आवृत्ती ठेवली असेल तर ‘यूनेम -आर’ (चालू कर्नलची आवृत्ती) सुद्धा जुळतं आणि आपण निर्धास्त होतो. माझे सगळ्यात जास्त दिवस याच एका गृहीतकाने खाल्ले. ‘यूनेम -व्ही’ बघा, त्यात # नंतरचा बिल्ड क्रमांक आणि तारीख असते. मग /बूट मधल्या इमेजवर ‘स्ट्रिंग्ज’ (फाइलमधला वाचता येणारा मजकूर काढणारी आज्ञा) चालवून ‘लिनक्स व्हर्जन’ची ओळ शोधा नि /प्रॉक/व्हर्जनशी ताडा. इमेज जीझिप केलेली असेल तर आधी उलगडा, नाहीतर हाती काही लागणार नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘मॉड्यूल_लेआउट’ची, म्हणजे मॉड्यूल या कर्नलशी जुळत नसल्याची, तक्रार दिसली तर संशय जवळपास पक्काच.

खरी साक्ष /प्रॉक/कॉन्फिग.जीझेडची, कारण ती चालू कर्नल स्वतः दाखवतो. ती तुमच्याकडे नाही, म्हणजे आयकेकॉन्फिग (कॉन्फिग कर्नलमध्येच साठवण्याची सोय) मॉड्यूल म्हणून असेल (‘मॉडप्रोब कॉन्फिग्स’ करून पाहा, पण तेही मॉड्यूल न जुळण्याच्या याच कारणाने अडू शकतं), किंवा ती /प्रॉकमध्ये दाखवण्याचा पर्याय बंद असेल, किंवा आयकेकॉन्फिगच नसेल. मधल्या प्रकारात कर्नल सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधलं ‘एक्स्ट्रॅक्ट-आयकेकॉन्फिग’ कामाला येतं, ते इमेजमधून कॉन्फिग बाहेर काढतं. ते चालवायचं बूटलोडर उचलतो त्या इमेजवर, /बूट मधल्यावर नव्हे! ती कुठली, हे यू-बूटमध्ये ‘प्रिंटएन्व्ही’ करून ‘बूटसीएमडी’त (बूट करताना चालणाऱ्या आज्ञेत) वाचा. यू-बूटपर्यंत पोचायला लागणारी सिरियल केबल 3.3 व्होल्टचीच घ्या आणि तिची वीजपुरवठ्याची लाल तार जोडू नका. बोर्डावर रॉकचिपची चिप असेल तर सिरियलचा वेग बहुधा 1500000 बॉड, आणि जुनी सीपी2102 केबल 1000000 च्या वर जात नाही. त्यामुळे पडद्यावर नुसता कचरा दिसला तर बोर्डाला दोष देऊ नका.

विक्रेत्याच्या सपोर्टकडून फार आशा नको. कॉन्फिग मागितली की डीफकॉन्फिग पाठवून ‘हीच ती’ म्हणणारे मला भेटलेत. डीफकॉन्फिगमध्ये फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळे पर्याय असतात. नेमक्या त्याच सोर्सशिवाय त्यातून पूर्ण चित्र निघत नाही, त्यामुळे सोर्सही मागा. जीपीएल (लिनक्स कर्नलचा परवाना) आवृत्ती 2 च्या कलम 3 मध्ये कंपाइल करण्याच्या स्क्रिप्ट्सचा उल्लेख आहे. कॉन्फिगही त्यात येते असं माझं मत, पण मी वकील नाही.

‘यूनेम -ए’चं उत्तर आणि /प्रॉक/सीएमडीलाइनमधला मजकूर (कर्नलला बूट करताना दिलेले पर्याय) इथे चिकटवा, पुढचं त्यावरून बघू.