सदतीस क्लास, आणि चालत काहीच नाही

प्रश्न : मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं जावामध्ये हॉस्टेल मेसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करतोय. दोन महिने डायग्राम काढले, 37 क्लास, म्हणजे कोडचे साचे, झाले. आता एकीकडे बदल केला की चार ठिकाणी मोडतं आणि चौघांचा कोड काही केल्या एकत्र येत नाही. सबमिशनला दहा आठवडे आहेत. डेव्हलपमेंटचा नाद सोडून टेस्टिंगकडे वळू का?

उत्तर : आवड असेल तर जरूर वळ. सुटका म्हणून वळत असशील तर नको, कारण असला गुंता तिथेही समोर येतोच.

तू पाठवलेल्या डायग्राममध्ये ‘व्यक्ती’खाली ‘विद्यार्थी’, त्याखाली ‘मेस सेक्रेटरी’ अशी वंशावळ आहे. घोळ तिथूनच सुरू होतो. सेक्रेटरी दरवर्षी बदलतो, पण जावात एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा, म्हणजे साच्यातून काढलेल्या प्रत्यक्ष नगाचा, क्लास बदलता येत नाही. म्हणजे निवड झाली की नवा ऑब्जेक्ट बनवा आणि जुन्यातले खाडे, थकबाकी, डिपॉझिट त्यात भरा. एखादं फील्ड राहिलं की बिल चुकलंच! त्यापेक्षा ‘सभासद’ हा एकच क्लास ठेवा आणि त्याच्या आत भूमिकांची यादी. सेक्रेटरीपद यादीत घातलं, मुदत संपली की काढलं. याच कसोटीवर बाकीची वंशावळही तपासा, बरीच गळून पडेल. जावाच्या लायब्ररीतही ही चूक आहे : स्टॅक (फक्त वरूनच ठेवायची-काढायची चळत) हा व्हेक्टरचा (कुठेही घालता-काढता येणाऱ्या यादीचा) वारस केल्यामुळे स्टॅकच्या मध्येच काहीही घुसवता येतं. जुना कोड मोडेल म्हणून ते आता बदलता येत नाही.

दुसरी गाठ दरांची. सलग तीन खाड्यांनंतर सूट, फीस्टचा जादा आकार, पाहुण्याचा वेगळा दर हे नियम तुम्ही स्क्रीन, बिल आणि रिपोर्ट अशा तिन्हीकडे लिहिलेत. ते एका इंटरफेसमागे, म्हणजे बाकी कोडनं फक्त उत्तर विचारायचं अशा एका खिडकीमागे न्या. सभासद आणि महिना दिला की रक्कम परत, बस. रक्कम पूर्णांकात, पैशांत ठेवा. जावाच्या ‘डबल’ या दशांश आकड्यांच्या प्रकारात 0.1 अधिक 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं, आणि मेसच्या हिशेबात पैशाचाही फरक पोरं सोडत नाहीत. नोंद टाकूनही हॅशमॅपमध्ये (किल्लीवरून नोंद शोधणाऱ्या कोशात) सापडत नसेल तर इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारा कोड) लिहून हॅशकोड (कोणत्या कप्प्यात शोधायचं तो आकडा) विसरलात का, ते आधी बघा.

37 क्लास कमी करायला पोस्टकार्डाएवढे कागद घ्या. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. कार्डावर क्लासचं नाव, त्याची कामं आणि तो कुणाला विचारतो, एवढंच लिहायचं. मग चौघं बसून ‘एका सभासदाचा खाडा लागला’ हा प्रसंग कार्डं उचलत पुढे न्या. असे आठ-दहा प्रसंग झाले तरी जे कार्ड कुणी उचललं नाही, ते फाडा. ज्यावर कामं मावत नाहीत, त्याची दोन करा.

कोड एकत्र येत नाही, कारण एकाकडे स्क्रीन, एकाकडे डेटाबेस अशी वाटणी केलीत. पहिले दोन आठवडे चौघांनी मिळून एकच वाट पुरी करा : एक सभासद, एक खाडा, एक बिल, स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत. त्यानंतर खाडे एकाकडे, पाहुणे दुसऱ्याकडे, अशी कामं वाटा. गिटवरची ब्रँच, म्हणजे प्रत्येकाची कोडची वेगळी प्रत, दोन दिवसांपेक्षा जुनी होऊ देऊ नका. मेनमध्ये, म्हणजे चौघांच्या सामायिक कोडमध्ये, ज्यानं बिल्ड (सगळा कोड जुळून चालणं) मोडला त्यानं हातातलं काम सोडून आधी तो दुरुस्त करायचा. दरांच्या नियमांवर जेयुनिटच्या (जावा कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाच्या) पंधरा-वीस टेस्ट लिहा. बदलानंतर काय मोडलं ते मिनिटात कळेल, आणि टेस्टिंग आपल्याला जमतं का याचाही अंदाज तुला येईल.

मुलाखतीसाठी एक वही ठेव : कोणत्या तारखेला कोणता क्लास रद्द केला आणि का. ‘प्रोजेक्टमध्ये काय अडलं?’ याला त्यापेक्षा चांगलं उत्तर तुझ्याकडे नसेल.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काही घेऊ नका. मोबाइल ॲप राहिलं तर राहू दे, गाइडना तसं आत्ताच सांगून ठेवा.