नागपुरात एवढं ऊन, मग लेकराला व्हिटॅमिन डी कमी कसं?

तुमच्या सात वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट १४ आलाय आणि घरचे म्हणतात, नागपुरात राहून डी कमी कसं होईल, लॅबच चुकली असेल. माझं नागपूरच्या महाल भागात औषधाचं दुकान आहे, हेच वाक्य काउंटरवर नेहमी ऐकतो. ऊन गावात भरपूर आहे हो, पण पोरगं त्या उन्हात असतं का?

आधी आकडा. बालरोगतज्ज्ञ रक्ताच्या एका मिलिलीटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर पुरेसं धरतात, १२ ते २० अपुरं, १२ च्या खाली कमतरता. म्हणजे तुमचा मुलगा मधला. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १२ च्या खालची मुलं १ ते ४ वयात १४ टक्के, ५ ते ९ मध्ये १८ आणि १० ते १९ मध्ये २४ टक्के निघाली. शाळा-ट्यूशन वाढली की अंगण सुटतं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता ऊन. डी बनवणारे अतिनील किरण काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे बंद खिडकीजवळचं किंवा स्कूलव्हॅनमधलं ऊन हिशेबात धरू नका. तिरप्या उन्हातही ते फारसे पोचत नाहीत. म्हणून 'सकाळचं कोवळं ऊन' या सल्ल्यावर माझा फार विश्वास नाही. सोपी खूण म्हणजे सावली आपल्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड हवी. मे अखेरीस आपल्याकडे नऊ वाजताच सावली उंचीएवढी होते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटं हात-पाय उघडे ठेवून खेळू द्या आणि पारा चढायच्या आत घरात घ्या. भर दुपारी कूलरसमोरच बसलेलं बरं, उष्माघात ओढवून घ्यायचा नाही. डिसेंबरात मात्र ही सावली दुपारी बाराच्या सुमारासच मिळते. सुटीच्या दिवशी गच्चीवर सोडा. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो.

ऊन एवढंच कारण नसतं. लठ्ठ मुलांत डी चरबीत अडकून राहतं. फिट्सची काही औषधं, उदाहरणार्थ फेनिटॉइन, ते लवकर संपवतात. यकृत-मूत्रपिंडाचे आजार, सिलिॲक (गहू न सोसण्याचा आतड्याचा आजार) यांतही कमी होतं. वेळेआधी जन्मलेली आणि फक्त अंगावर पिणारी बाळं तर जास्तच धोक्यात, कारण आईच्या दुधात डी फार थोडं असतं. म्हणून पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब देतात. बाजारात एका मिलिलीटरला ४०० ची बाटली असते तशी ८०० चीही, तेव्हा लेबल वाचूनच मोजा. आणि संत्र्यात डी नसतं. तेही लोक विचारतात. अंड्याचा बलक, मासे आणि डी घातलेलं पाकिटातलं दूध यांतून थोडं मिळतं.

डीची ६०,००० युनिटची पुडी जुन्या चिठ्ठीवर मागणारे रोज येतात, मी देत नाही. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी लघवी, मूत्रपिंडाला त्रास. किती आठवडे द्यायची आणि नंतर रोजचा डोस किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सोबत कॅल्शियमचंही विचारा. पाय वाकलेले दिसले, मनगटं जाड वाटली किंवा झटका आला, तर पुडीच्या भरवशावर न थांबता थेट बालरोगतज्ज्ञ गाठा.