बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातून दहा दिवसांच्या मौन विपश्यना (श्वास आणि शरीरातल्या संवेदना पाहण्याचं ध्यान) शिबिराला जायचं आहे, जंगलात, निसर्गात राहायचीही ओढ आहे. मौन झेपेल का, तयारी काय करावी?

मौनाची भीती आधी काढून टाका. न बोलणं दुसऱ्या दिवसापर्यंत अंगवळणी पडतं आणि बऱ्याच जणांना त्यात सुटल्यासारखं वाटतं. शिबिरात माणूस हरतो तो बसण्यापुढे. दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान असतं आणि त्यासाठी गुडघे, कंबर, पाठ महिनाभर आधीपासून तयार करावी लागते. म्हणून तयारीचा मोठा भाग बैठकीचा धरा.

तुम्ही जंगलात, निसर्गात राहण्याचा उल्लेख केलाय. केंद्रं बहुधा गावाबाहेर, झाडीत असतात हे खरं, पण तिथे हिंडायला मिळत नाही. आखून दिलेल्या हद्दीत, नजर खाली ठेवून थोडं चालणं, एवढंच. जांबोटीच्या रानात एकट्याने दहा दिवस मौन धरायचा विचार असेल तर तो सोडून द्या. मन बिथरलं तर विचारायला कुणीतरी जाणतं माणूस जवळ लागतं.

आपल्या भागाला सोयीचं केंद्र म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याजवळचं धम्मालय. बेळगाव, घटप्रभा, रायबाग, चिकोडी रोड, कुडची यापैकी कुठूनही रेल्वेने मिरज गाठा आणि तिथून कोल्हापूरकडे जाणारी गाडी धरून हातकणंगल्याला उतरा. निपाणीकरांना कागलमार्गे रस्त्यानेच बरं पडतं. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. जागा मिळाल्यावर येणार असल्याचं पुन्हा कळवायला सांगतात. ते राहिलं तर तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला जाते. रजा बारा दिवसांची टाका, कारण आदल्या दिवशी दुपारी पोचून नोंदणी करायची असते आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी होते. राहण्याजेवणाची फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावरच दान घेतात, तेही ऐच्छिक. आधी पैसे मागणारं ठिकाण या परंपरेतलं नाही. ब्रह्मदेशातले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये तिथून येऊन भारतात ही शिबिरं सुरू केली.

आता बैठक. रोज सकाळी वीस मिनिटं जमिनीवर मांडी घालून, भिंतीला न टेकता बसायला लागा. दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवा, महिन्याअखेर पन्नास मिनिटांपर्यंत याल. जेवायला मांडी घालून बसायची सवय असली तरी ती अर्ध्या तासाची असते, तेवढ्यावर विसंबू नका. ढुंगणाखाली चार ते सहा इंच उंची हवी, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. उंची कमी पडली की कंबर मागे ढकलली जाते, पाठीला पोक येतो आणि तासाभरात खांद्यांमध्ये कळ सुरू होते. मऊ उशांची चळत हा नेहमीचा घोटाळा आहे. उशी दबते, माणूस एका बाजूला कलतो. खाली घट्ट घडी केलेली घोंगडी आणि वर पातळ चादर, हे माझ्या मते सगळ्यात उत्तम आसन. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी सारा. पाय बधिर होतो तो मुख्यतः शिरेवर, म्हणजे मज्जातंतूवर, दाब आल्याने. त्यात बहुधा धोका नसतो, पण तसंच उठून चालू लागलात तर घोटा मुरगळतो. पाय लांब करून मुंग्या जाईपर्यंत थांबा. गुडघ्याचं दुखणं जुनं असेल तर खुर्ची मागा आणि ते अर्जातच लिहा. खुर्चीवर बसल्याने ध्यानात काही उणं येत नाही.

दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होतो. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा, सातला प्रवचन, साडेनवाला दिवे बंद. नव्या साधकांना पाचला चहासोबत फळं किंवा चुरमुऱ्यांसारखं हलकं काही मिळतं, रात्रीचं जेवण नसतं. म्हणून अकराला पोट तुडुंब भरायचा मोह होतो आणि एकच्या बैठकीत डोळे मिटतात. दोन घास कमीच खा. घरी शेवटच्या आठवड्यात रात्रीचं जेवण हलकं करत आणा.

तंबाखूचं मात्र गांभीर्याने घ्या. निपाणी, चिकोडी भागात तंबाखू, गुटखा, मिश्री घरोघरी आहे आणि शिबिरात यातलं काहीही चालत नाही. सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तलफ सगळ्यात जोरात येते. नेमक्या त्याच वेळी नव्या माणसाला शिबिर सोडून पळावंसं वाटतं आणि दोष ध्यानाला दिला जातो. निदान दोन आठवडे आधी बंद करा. दिवसाला सात-आठ कप चहा असेल तर तोही दोनवर आणा, नाहीतर पहिले दोन-तीन दिवस डोकं ठणकेल.

पहिले साडेतीन दिवस आनापान असतं. नाकपुड्या आणि वरचा ओठ यांच्यामधल्या जागी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणायचा. इथे लोक श्वास मुद्दाम लांबवतात किंवा मोजू लागतात, मग छाती भरून येते. मन फारच भरकटलं तर दोन-चार श्वास किंचित जोरात घ्यावेत आणि पुन्हा सोडून द्यावं. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात, डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायची. त्यानंतर रोजच्या तीन सामूहिक बैठकांत तासभर हात-पाय न हलवण्याचं आणि डोळे न उघडण्याचं अधिष्ठान, म्हणजे पक्का निश्चय, असतो. त्याची चढाओढ करू नका. वेदना पाहणं हा अभ्यास आहे, गुडघा कायमचा दुखवून घेणं हा नाही. बाकीच्या वेळी बैठक बदलायला मोकळीक असते.

आपल्याकडे वारकरी घरं आहेत, लिंगायत घरं आहेत, म्हणून हे आधीच सांगतो. त्या दहा दिवसांत हरिपाठ, नामजप, इष्टलिंगपूजा, उपवास, योगासनं सगळं थांबवायला सांगतात. कुणाच्या श्रद्धेला ते कमी लेखत नाहीत. नामावर मन चटकन स्थिर होतं, पण मग ते संवेदनेपर्यंत पोचत नाही, असं कारण देतात. गळ्यातल्या तुळशीच्या माळेबद्दल केंद्राला आधी फोन करून विचारा. हे मनाला पटत नसेल तर जाऊ नका. अर्धं त्यांचं, अर्धं आपलं असं केलं की गोंधळच पदरी पडतो.

मौन म्हणजे इतर साधकांशी बोलणं, खुणा, चिठ्ठ्या, नजरानजर बंद. आचार्यांना दुपारी शंका विचारता येतात आणि जेवण, पाणी, औषध यासाठी सेवकांशी बोलता येतं. बद्धकोष्ठ झाला, ताप आला तरी मौन म्हणून गप्प राहणारी माणसं असतात. असं करू नका.

रक्तदाब, साखर, फिट्स यांच्या गोळ्या चालू ठेवा आणि अर्जात लिहा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेत असाल तर रात्रीचं जेवण नसल्याने मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नैराश्य, भास, मोठा मानसिक आजार पूर्वी होऊन गेला असेल तर अजिबात लपवू नका. इतक्या तीव्र ध्यानाने तो उसळू शकतो, आणि आचार्य नको म्हणाले तर त्यांचं ऐका.

फोन जमा करावा लागतो, म्हणून घरी केंद्राच्या कार्यालयाचा नंबर लिहून द्या. हेस्कॉमचं विजेचं बिल, सोसायटीचा हप्ता आधी भरा. भाताची लावणी किंवा ऊसतोडीची पाळी असेल त्या महिन्यात जाऊच नका, मन शेतातच राहतं. सोबत सैल सुती कपडे, शाल, बॅटरी, आवाज न करणाऱ्या चपला घ्या. अत्तर, पुस्तक, वही घरी ठेवा. हिंदी कमी कळत असेल तर मराठी किंवा कन्नड प्रवचनाची सोय आहे का ते अर्ज करतानाच विचारा. नवरा-बायको एकत्र गेलात तरी व्यवस्था पूर्ण वेगळी असते.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याच्या ध्यानानंतर, मौन सुटतं आणि सगळे भडाभडा बोलायला लागतात. त्या रात्री झोप कमी लागते. म्हणून अकराव्या दिवशी मोटारसायकलने हायवेवरून परतायचं ठरवू नका, रेल्वे किंवा एसटीच बरी.