बायबलच्या गणना पुस्तकात 27 व्या अध्यायात मुलींना वतन, म्हणजे वारशाची जमीन, मिळालं, मग 36 व्या अध्यायात "वडिलांच्याच वंशात लग्न करा" अशी अट का? आज वंशाबाहेर लग्न करणाऱ्या मुलीचा हक्क जातो का?

जात नाही. माझ्यासमोर हाच अध्याय उघडून माझा हक्क गेला असं सांगण्यात आलं होतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, घर तीन पिढ्यांपासून प्रोटेस्टंट. मी लग्न केलं वसईच्या कॅथलिक मुलाशी. लग्नाला विरोध झाला, पुढे तो निवळला असं वाटलं. वडील गेल्यावर वारस नोंदीची वेळ आली तेव्हा चुलते घरी आले. येताना हक्कसोडपत्र तयार करूनच आणलं होतं. पंख्याने कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर आईचं बायबल ठेवलं, मग तेच बायबल उचलून गणना 36 वाचायला घेतलं. इस्राएलाचं वतन एका वंशातून दुसऱ्या वंशात जाऊ नये, वगैरे. वाचून झाल्यावर म्हणाले, "तू दुसऱ्या वंशात गेलीस, बाळा. सही कर." भाऊ खाली मान घालून बसला होता.

मी म्हटलं, काका, आता 27 वाचा. त्यांनी वाचला नाही. आईने वाचला, मोठ्याने. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा या पाच बहिणी मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात: आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? मोशे स्वतः निर्णय देत नाही, परमेश्वराला विचारतो. उत्तर येतं की सलाफहादाच्या मुलींचं म्हणणं बरोबर आहे. मुलींच्या वारशावर इतका स्पष्ट निवाडा शास्त्रात दुसरा नाही.

36 मध्ये तो निवाडा फिरवलेला नाही. बहिणी ज्या वंशातल्या, त्या मनश्शेच्या वंशातल्या वडीलधाऱ्यांना भीती होती की या बहिणी दुसऱ्या वंशात गेल्या तर वाटणीची जमीन तिकडे जाईल आणि योबेल वर्षातही, म्हणजे जमीन मूळ मालकाकडे परतायच्या पन्नासाव्या वर्षीही, परत येणार नाही. म्हणून अट आली: मन मानेल त्याच्याशी लग्न करा, पण वडिलांच्या वंशात. त्यांनी चुलतभावांशी लग्नं केली आणि यहोशवा 17 मध्ये जमीन त्यांच्या हाती पडली. अट होती ती फक्त वतन मिळालेल्या मुलींना. एरवी वंशाबाहेर सर्रास लग्नं होत. लेवी वंशातल्या अहरोनाची बायको अलीशेबा यहूदा वंशातली. शास्ते पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात बन्यामिनी लोकांना मुली द्यायच्या नाहीत अशी शपथ बाकीच्या वंशांनी घेतली. मुळातच मनाई असती तर शपथेची गरज काय होती?

आणि ती अट आज लावायचीच तर पूर्ण लावा. लेवीय 25 सांगतं, जमीन कायमची विकू नका, ती परमेश्वराची आहे. आमच्या चुलत्यांनी रस्त्याकडेचा तुकडा परक्या माणसाला विकला तेव्हा कुणाला योबेल आठवलं नाही. घरच्या मुलीला वाटा द्यायची वेळ आली तेव्हा मात्र वंश आठवला. रूथच्या चौथ्या अध्यायातला जवळचा नातलग असाच: जमीन सोडवून घ्यायला एका पायावर तयार, पण जमिनीबरोबर रूथ ही मवाब देशातली परकी विधवाही पत्करावी लागेल हे कळताच म्हणतो, माझं वतन बिघडेल. बवाज या दुसऱ्या नातलगाने दोन्ही पत्करलं, आणि दावीद राजा त्याच घराण्यात जन्मला.

एज्रा याजकाने लोकांना परराष्ट्रीय बायका पाठवून द्यायला लावल्या हे मला ठाऊक आहे. अनुवाद पुस्तकाचा 23 वा अध्याय मवाब्यांना मंडळीत येऊ देत नाही, हेही. रूथचं पुस्तक आणि एज्रा यांच्यात ओढाताण आहे, ती मी नाकारत नाही. पण दोन्हीकडे परराष्ट्राचा आणि परक्या दैवतांचा प्रश्न आहे. कॅथलिक नवऱ्याला त्यात बसवता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात: आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 लागू होतो, आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी समान. केरळात मेरी रॉय यांना याच कायद्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल 1986 चा. मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी, वकिलाला दाखवा. आणि एखादी बहीण राजीखुशीने हक्कसोड करत असेल तर तो तिचा निर्णय, मी कोण नको म्हणणार?

मी सही केली नाही. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं आहेत. तुमच्या घरी कुणी 36 काढला तर आधी 27 वाचायला लावा, चारचौघांत. आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर फेरफारावरची हरकत तलाठ्याकडे लेखी द्या. दर रविवारी मंडळीच्या दारात माझ्या आईला ऐकवू नका.