‘हॅक झालं’ म्हणजे नक्की कुणी काय केलं?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका तरुण मित्राचा प्रश्न असा : त्याच्या थोरल्या भावानं सगळ्या पै-पाहुण्यांना निरोप धाडला, ‘माझं व्हॉट्सॲप हॅक झालं आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.’ या निरोपावरून तालमीच्या कट्ट्यावर दोन तास वाद रंगला. इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा म्हणाला, हॅकर हा मानाचा शब्द आहे, चोराला हॅकर म्हणू नका, क्रॅकर म्हणा. एक मामा म्हणाले, इंग्रजी शब्द मुळात हवाच कशाला, मराठीला काय धाड भरलीय? तिसरा शेंगा सोलत म्हणाला, ‘हॅक कसलं मर्दा, कोड तूच सांगितलास की त्याला!’ मित्राला दोन गोष्टी हव्या आहेत : यात बरोबर कोण, आणि ‘हॅक’ला मराठी शब्द कोणता?

बरोबर तो शेंगावाला. पण आधी इंजिनिअर पोराचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण त्याच्या बाजूनं इतिहास आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक क्लब होता. त्याच्या एप्रिल 1955च्या इतिवृत्तात एक सूचना आहे : विजेच्या यंत्रणेवर जो कुणी काम करत असेल किंवा ‘हॅकिंग’ करत असेल त्यानं आधी वीज बंद करावी, म्हणजे फ्यूज उडणार नाही. इथं चोरीचा संबंध नाही, पडदा नाही, पासवर्ड नाही. यंत्र उघडायचं, आतून समजून घ्यायचं, बनवणाऱ्याच्या मनातही नव्हतं असं काहीतरी त्याच्याकडून करून घ्यायचं, हे हॅकिंग. पुढे हीच मंडळी संगणकाकडे वळली आणि शब्द सोबत घेऊन गेली.

या अर्थाला मराठीत चपखल शब्द आहे आणि तो कुणी घडवायची गरज नाही : हिकमत. ‘हिकमती माणूस’ म्हटलं की डोळ्यांसमोर जो येतो, तोच मूळचा हॅकर. कोल्हापूरकराला तर उदाहरणासाठी एमआयटीला जायला नको. खरी कॉर्नरला जो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तो कशासाठी आहे? आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी परदेशी यंत्रं न्याहाळून इथल्या इथं सिनेमाचा कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव 1916 साली वारले, बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि 1918च्या सुमाराला कॅमेरा तयार झाला. 1920 साली आलेला ‘सैरंध्री’ हा मूकपट त्या खटाटोपाचं फळ. पडदे रंगवणारा माणूस कॅमेरा घडवतो, ही हिकमत. उद्यमनगरात लेथवर उभा असलेला मेस्त्री आजही तेच करतो, फक्त त्याला कुणी हॅकर म्हणत नाही आणि तोही म्हणवून घेत नाही.

गंमत म्हणजे हा जुना अर्थ मागच्या दारानं परत आला आहे. रील बघणाऱ्या आमच्या भाचीच्या तोंडी ‘किचन हॅक’ असतं. दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवायचं, हे हॅक. पांढरा रस्सा फाटू नये म्हणून आच मंद ठेवून ढवळत राहायचं, हेही हॅक. तिच्या आजीनं याला आयुष्यभर ‘युक्ती’ म्हटलं आणि काही अडलं नाही. इथं मी मामांच्या बाजूचा आहे.

मग शब्द बिघडला कधी? 1983 साली ‘वॉरगेम्स’ नावाचा अमेरिकी चित्रपट आला. घरातल्या संगणकावरून खेळ शोधता शोधता एक शाळकरी पोरगा लष्कराच्या यंत्रणेत शिरतो आणि अणुयुद्ध ओढवायची वेळ येते, अशी गोष्ट. त्याच सुमाराला वर्तमानपत्रांनी संगणकात घुसखोरी करणाऱ्या प्रत्येकाला सरसकट ‘हॅकर’ म्हणायला सुरुवात केली. खरे हॅकर चिडले आणि 1985च्या आसपास त्यांनी चोरांसाठी ‘क्रॅकर’ हा शब्द पुढे केला. तो चालला नाही. आपल्याकडे तर क्रॅकर म्हटलं की एक तर बिस्किट, नाही तर दिवाळीचा फटाका.

आणि चालला नाही ते ठीकच झालं. शब्द उसना घेताना त्याची वंशावळ सोबत घ्यावी लागत नाही. ‘शिक्षा’ संस्कृतात विद्या, हिंदीत शिक्षण, आणि आपल्याकडे? शाळेत ‘तुला शिक्षा मिळेल’ म्हटल्यावर कुठल्या पोरानं आनंदानं उडी मारली आहे? तसंच मराठीत ‘हॅकर’ आला तेव्हा तो टोपीचा झगा घालून, अंधारात बसून, हिरव्या अक्षरांचा पाऊस पाडतच आला. सिनेमात तो दहा सेकंद खटाखट बटणं दाबतो आणि ‘आत शिरलो’ म्हणतो. इंजिनिअर पोरानं कितीही डोकं आपटलं तरी कोल्हापुरात हॅकर म्हणजे चोरच राहणार. मला त्याचं दुःख नाही.

माझी तक्रार ‘हॅक’शी नाहीच. ती त्याच्यापुढच्या ‘झालं’शी आहे.

पाऊस झाला. उशीर झाला. पडसं झालं. मराठीत ‘होणे’ या क्रियापदामागं करणारा लपतो, किंवा करणारा नसतोच. ‘व्हॉट्सॲप हॅक झालं’ हे वाक्य पडसं झाल्याच्या जातीचं आहे : आभाळातून आलं, आपलं काही चाललं नाही. पण त्या थोरल्या भावाच्या बाबतीत घडलं काय? मित्रानंच पुढे लिहिलं आहे. ओळखीच्या नंबरावरून निरोप आला, ‘चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्याकडे आलाय, पाठव जरा.’ यानं पाठवला. तो कोड म्हणजे याच्याच नंबरावर दुसऱ्या फोनमध्ये व्हॉट्सॲप सुरू करायची परवानगी. याच्या फोनमधलं बंद, तिकडचं सुरू. आणि तो ‘ओळखीचा नंबर’सुद्धा आदल्या दिवशी असाच गेलेला. यात कुठली भिंत फुटली? कुठलं कुलूप तुटलं? दार आतून उघडलं गेलं.

याला मराठीत ‘फसवलं’ म्हणतात, आपल्या भागात ‘गंडवलं’. वर्तमानपत्रं ‘लाखोंचा गंडा’ लिहितात, आणि तो शब्द मला ‘हॅक’पेक्षा शतपट नेमका वाटतो. गंडा म्हणजे मंतरलेला दोरा, गंडे-दोरे यातला. ‘गंडा घालणे’ तिथूनच आलं असावं असा माझा कयास आहे : तुम्ही आपणहून हात पुढे करता, समोरचा गोड बोलत दोरा बांधतो, आणि बांधून झाल्यावर कळतं की पैसे गेले. कोड मागणाऱ्यानं याहून वेगळं काय केलं? दुसरा एक प्रकार तर हुबेहूब मंत्रासारखाच आहे. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, ‘पार्सल अडकलंय, स्टार 401 स्टार आणि पुढे हा नंबर दाबा.’ दाबला की आपले सगळे फोन त्याच्याकडे वळतात, आणि फोनवरून बोलून सांगितला जाणारा कोडही त्यालाच ऐकू जातो. आकडे आपल्याच बोटांनी दाबलेले असतात.

मात्र सगळंच गंडवणं नसतं, आणि इथं मामांनाही थोडं थांबवायला हवं. एकच मराठी शब्द शोधून ‘हॅक’च्या जागी चिकटवला की पुन्हा तोच गोंधळ. मराठीत त्या एका शब्दाच्या जागी चार-पाच आहेत, आणि श्रीमंती तिथंच आहे. एखाद्या कंपनीच्या यंत्रणेतून लाखो लोकांची माहिती बाहेर गेली, तर ती माहिती ‘फुटली’. पेपर फुटतो, बातमी फुटते, आमदार फुटतात, तशीच. या ‘फुटणे’त आतल्या माणसाचा संशय आपोआप येतो आणि पुष्कळदा तो खराही असतो. कुणी खरोखरच यंत्रणेतली कच्ची जागा हेरून शिरलं, तर त्यानं ती ‘फोडली’, घर फोडतात तशी. लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली, तुम्ही ती उघडून फोनमध्ये बसवली आणि तिनं तुमचे मेसेज वाचायला घेतले, तर ती ‘घुसखोरी’. पाहुणा म्हणून आलेला घरातच मुक्काम ठोकतो तशातली.

आणि तुमचा फोटो, तुमचं नाव लावून नवंच खातं कुणी उघडलं, तर तिथं काहीच फुटलेलं नाही, तुमच्या खात्याला हातही लागलेला नाही. लोक मात्र त्यालाही ‘फेसबुक हॅक झालं’ म्हणतात. त्यासाठी मराठीत ‘तोतया’ आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तोतया आपल्याला ठाऊक आहे, आणि ‘तोतया पोलीस’ ही बातमी तर आठवड्याला छापून येते. मग ‘तोतया खातं’ म्हणायला जीभ का अडखळावी?

आता इथं कुणी तरी पन्हाळ्याचं नाव काढणार, म्हणून आधीच सांगतो. 1660 साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसले आणि जिवानिशी गेले. दुसऱ्याचं रूप त्यांनीही घेतलं. पण त्यांना तोतया म्हणायची कुणाची छाती होईल? मराठी इथं कृती एक असली तरी हेतू बघून शब्द वेगळा ठेवते. इंजिनिअर पोराला हॅकर-क्रॅकरमध्ये जो फरक हवा आहे तो हाच, फक्त तो उसन्या शब्दांत शोधतो आहे.

पासवर्डचंही जाता जाता सांगतो, कारण मित्रानं विचारलं नसलं तरी ‘परवलीचा शब्द’ म्हणावा काय हा वाद कट्ट्यावर निघाल्याशिवाय राहिला नसेल. छावणीत शिरताना पहारेकऱ्याला सांगायचा गुप्त शब्द, हा मूळ अर्थ, तेव्हा शब्द म्हणून तो अगदी योग्य. पण गेली कैक वर्षं आपण ‘विकास हा परवलीचा शब्द झाला आहे’ असं लिहितो आणि त्यातून ‘जो तो तेच बोलतो’ असं सांगतो. गुप्त शब्दाचा अर्थ फिरून सगळ्यांच्या तोंडचा शब्द झाला! आपल्या शहरात गाडीचा नंबर किंवा देवाचं नाव आणि पुढे 123 असे किती पासवर्ड असतील याचा विचार केला, तर हा दुसराच अर्थ जास्त खरा. पासवर्डची अब्रू तशीही जन्मापासून नाजूक आहे. एमआयटीतच 1961 साली अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकाला पासवर्ड लावले गेले, आणि पुढच्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकानं सगळ्या पासवर्डांची यादी त्याच संगणकाकडून छापून घेतली. त्याला वाट्याला आलेल्यापेक्षा जास्त वेळ संगणक वापरायचा होता, एवढंच. मी स्वतः ‘पासवर्ड’च म्हणतो. हा शब्द चहावाल्यालाही कळतो.

शब्दाची ही ओढाताण निव्वळ कट्ट्यापुरती नाही, कायद्यानंही ती केली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 साली आला तेव्हा कलम 66च्या मथळ्यातच ‘हॅकिंग’ हा शब्द होता. 2008च्या दुरुस्तीत तो काढला आणि संगणकाशी संबंधित गुन्हे असा मथळा आला. त्याच दुरुस्तीत 66क, 66ड अशी वेगळी कलमं जोडली : दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीनं वापरणं हा एक गुन्हा, संगणकाच्या किंवा फोनच्या मदतीनं तोतयेगिरी करून फसवणं हा दुसरा. इंग्रजीत लिहिणाऱ्या कायदेवाल्यांनासुद्धा ‘हॅक’ पुरेना, हे मला फार आवडलं. तेव्हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन कराल किंवा ठाण्यात तक्रार द्याल, तर ‘हॅक झालं’ एवढंच सांगून थांबू नका. कोड दिला, लिंक उघडली की फाइल बसवली, ते सांगा. नाही तर पुढचे चार प्रश्न विचारून ते तुमच्याकडून हेच काढून घेणार.

चोराला नसलेलं श्रेय देणारा आणखी एक शब्द सध्या फिरतो आहे : ‘डिजिटल अरेस्ट’. असली अटक भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून बसलेला भामटा तिला अरेस्ट म्हणतो, आणि आपण ‘निवृत्त शिक्षकाला डिजिटल अरेस्ट’ अशी बातमी वाचतो. भामट्याची भाषा आपण जशीच्या तशी छापली. ‘अटकेची धमकी देऊन लुटलं’ लिहायला एवढी काय जागा लागते?

राहिली ती ‘झालं’ची गोष्ट. प्रमाण मराठीत ‘मी भाकरी खाल्ली’. क्रियापद भाकरीकडे बघतं. आपल्याकडे, गडहिंग्लज-चंदगडाकडे तर जास्तच, ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणतात. पुण्याची माणसं हसतात. हसू द्या. शेजारच्या कानडीचा हा संग आहे, आणि त्यात क्रियापद करणाऱ्याकडे बघतं. खाल्ली कुणी? मी. दिला कुणी? मी. करणारा लपवायला आपल्या बोलीत जागा कमी आहे, आणि थोरल्या भावानं मात्र नेमकी प्रमाण भाषा आणि इंग्रजी शब्द गाठून ती जागा शोधली. (त्याला वाईट वाटू नये. गेल्या वर्षी मीही वीजबिलाच्या लिंकवर बोट ठेवलं होतं, आणि घरी ‘फोनला काहीतरी झालंय’ म्हणालो होतो.)

तर मित्रा, भावाला सांग, निरोप नव्यानं धाड. असा : ‘काल मी एकाला माझा कोड दिलो. त्यो आता माझ्या नावानं पैसे मागालाय. देऊ नका, आणि कुणी कोड मागितला तर त्योबी देऊ नका.’ मामांना विचार, यात इंग्रजी शब्द एकच आहे. तो राहू दे म्हणावं.