पियानोच्या ॲक्शनला कोणतं तेल घालावं?

पाच-सहा पट्ट्या जड झाल्यात, हातोडी परत यायला वेळ घेते, तर ॲक्शनला, म्हणजे पट्टी दाबल्यावर हातोडी हलवणाऱ्या यंत्रणेला, कोणतं तेल घालू आणि ते कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

कुठलंच नाही. बाटली खाली ठेवा.

आमच्या उभ्या पियानोचं अगदी हेच झालं होतं. मोठा भाऊ इंजिनियर. जे फिरतं त्याला तेल लागतं, हा त्याचा सिद्धांत. त्याने सिरिंजमध्ये शिवणयंत्राचं तेल भरून सेंटर पिनांवर, म्हणजे हातोड्या ज्यांवर फिरतात त्या बारीक पिनांवर, सोडलं. सहाच हातोड्या अडत होत्या, पण ‘उघडलाच आहे तर’ म्हणून सगळ्या ८८ वर! पंधरा दिवस पियानो असा चालला की दादा येईल त्याला वाजवून दाखवायचा. मग एकेक हातोडी तारेपाशी जाऊन तिथेच रेंगाळायला लागली.

पिन फिरते ती लोकरी कापडात, धातूच्या बेअरिंगमध्ये नाही. कापड तेल पितं, धूळ धरतं, चिकट होतं. मी एक फ्लँज, म्हणजे ती पिन धरणारा छोटा लाकडी तुकडा, सोडवली तर बुशिंगभोवतीच्या, म्हणजे त्या कापडी अस्तराभोवतीच्या, लाकडात टिकलीएवढं काळं गोल मुरलेलं. त्यावर सरस धरेना, मग नवं कापड बसणार कसं? शेवटी फ्लँजच नव्या घातल्या. माझ्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या. दादाचं म्हणणं आजही तेच: दोष तेलाचा नाही, बाटली जुनी होती.

तुमच्याकडे बहुतेक दमटपणामुळे कापड फुगलंय. फ्लँज बोटांत धरून हातोडी झुलवून बघा. पाच-सहा हेलकावे घेतले तर पिन ठीक आहे, घोळ पट्टीच्या बुशिंगमध्ये, म्हणजे पट्टीच्या भोकातल्या कापडात, शोधा. एका हेलकाव्यात थांबली तर पिन घट्ट आहे. आधी खोली कोरडी करा. तरी अडलं तर प्रोटेक सीएलपी या पियानोच्या पिनांसाठीच्या वंगणाचा एक थेंब, कापडावर. एक म्हणजे एकच. त्यानेही भागलं नाही तर बुशिंगचं भोक रीमरने किंचित मोठं करून पिन नव्याने बसवायची, आणि हे काम यूट्यूब बघून करू नका. घोळ पट्टीत असेल तर पट्टीखालच्या पिना पुसून चकचकीत करा, हवी तर टेफ्लॉनची कोरडी पूड लावा.

हे सगळं पियानोचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळतं. हार्डवेअरच्या दुकानातला सिलिकॉन स्प्रे तर पियानोच्या खोलीतसुद्धा नको. तो उडून पिनब्लॉकपर्यंत, म्हणजे तारा ताणणाऱ्या ट्यूनिंग पिना धरून ठेवणाऱ्या लाकडापर्यंत, गेला की त्या पिना सुटायला लागतात, आणि तिथे कुणाचंच काही चालत नाही.

हां, पियानो फार जुना असेल आणि सेंटर पिनांवर हिरवट थर दिसला, तर वरचं सगळं विसरा. तिथे थेंबाने काही होत नाही, भागच बदलावे लागतात.

पेडलखालच्या लोखंडी सांध्यांना मात्र थोडं ग्रीस चालतं. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.