इंग्लंडमध्ये अचानक दात दुखू लागल्यास: येण्यापूर्वी माहीत असावे असे काही

आपण लिहिले आहे की, दोन महिन्यांनी पत्नी आणि सात वर्षांच्या मुलासह नाशिकहून मँचेस्टरला येणार आहात, आणि रात्री दाढ ठणकू लागली तर डॉक्टर भेटेपर्यंत घरी काय करावे, हे आपल्याला हवे आहे. नाशिकमध्ये सकाळी फोन केला की संध्याकाळी खुर्चीवर बसता येते. येथे तसे गृहीत धरू नका. व्हिसाबरोबर दरवर्षी प्रौढामागे 1035 पाऊंड (मुलांसाठी कमी) आरोग्य अधिभार भरूनही प्रौढांना दातांच्या उपचाराचे पैसे वेगळे द्यावे लागतात (तातडीच्या उपचाराचे एप्रिल 2025 मध्ये 27.40 पाऊंड होते, अठरा वर्षांखालील मुलांचे मात्र मोफत), आणि सरकारी दराने नवीन प्रौढ रुग्ण घेणारा दवाखाना अनेक ठिकाणी सहज मिळत नाही. अशा वेळी सरकारी आरोग्यसेवेच्या 111 या मदत क्रमांकावर फोन करून तातडीची वेळ मागावी. ती लगेच मिळेलच असे नाही, म्हणून घरच्या उपायांनी एखाददुसरा दिवस निभावून न्यावा लागतो.

नुसते दुखणे बहुधा आवरता येते. प्रौढाने पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दर सहा तासांनी घ्याव्यात, चोवीस तासांत आठपेक्षा अधिक नाहीत. दमा, पोटातील अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण नसेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेनही चालते आणि दातदुखीत ते अधिक गुणकारी ठरते. मात्र भारतातून आणलेल्या कॉम्बिफ्लाममध्ये ही दोन्ही औषधे असतात, त्यामुळे तिच्यावर पुन्हा यांपैकी काही घेऊ नये. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या गुळण्या कराव्यात आणि रात्री उशी उंच घ्यावी. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो फक्त दाताच्या खड्ड्यात ठेवावा. येथील माझ्या पहिल्याच वर्षी, ईस्टरच्या जोडून आलेल्या सुट्टीत, मी घाबरून ते तेल बोटाने हिरडीवर चोळले. दाढ दुखतच राहिली आणि हिरडी मात्र आठवडाभर सोललेली होती. अॅस्पिरिनची गोळी हिरडीशी धरून ठेवल्यानेही अशीच जखम होते, आणि मिश्री तर लावूच नये.

सुजेची गोष्ट निराळी आहे. गाल सुजला असेल तर आत पू झालेला असू शकतो, म्हणून वरून गरम शेक देऊ नये. थंड पट्टी ठेवावी आणि त्याच दिवशी 111 वर कळवावे. आपल्याकडे अनेकजण अशा वेळी घरातली उरलेली अँटिबायोटिक घेतात, पण तिने पुवाला वाट मिळत नाही आणि मूळ दुखणे तसेच राहते. सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे पसरत असेल, तोंड उघडेनासे झाले असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल तर दातांच्या डॉक्टरची वाट न पाहता 999 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. मात्र साध्या दातदुखीसाठी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाऊन उपयोग नाही, तेथे सहसा दात काढत नाहीत की भरतही नाहीत.

सातव्या वर्षी पुढचे कायमचे दात नुकतेच येत असतात, म्हणून मुलाविषयी एक गोष्ट पत्नीलाही सांगून ठेवा. पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाने धरावा, माती लागली असल्यास दुधाने किंवा थंड पाण्याने क्षणभर धुवावा आणि शक्य असल्यास लगेच त्याच जागी बसवून स्वच्छ रुमालावर चावायला सांगावे. ते न जमल्यास दात दुधात ठेवून तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासातच, डॉक्टर गाठावा. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, कारण खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

निघालेली कॅप किंवा पडलेले सिमेंट यांसाठी येथील औषधांच्या दुकानांत तात्पुरते सिमेंट मिळते. घरातला गोंद कितीही पक्का असला तरी वापरू नये.

आपल्या हाती अजून दोन महिने आहेत. रूट कॅनॉल अर्धवट ठेवून किंवा त्यावर कॅप न बसवता निघू नका, तिघांचीही तपासणी आताच करून घ्या आणि जुन्या उपचारांचे कागद व एक्स-रे फोनमध्ये ठेवा. 111 ने दिलेल्या वेळी समोरचा डॉक्टर आपल्याला प्रथमच पाहत असेल.